चौरस फुटाच्या दरात काय काय मावतं?

"पार्टिशनचं फुटाला काय घेता?" असं फोनवर विचारलं की आपण पुरती चौकशी केली असं आपल्याला वाटतं. पलीकडून उत्तरही तयार असतं. एक जण ९५ सांगतो, दुसरा १४०, तिसरा "साइट बघून सांगतो" म्हणतो आणि साइट बघून १७० सांगतो. तिघंही जिप्सम बोर्डच्या भिंतीबद्दलच बोलत असतात. पण त्या तीन दरांत तीन निरनिराळ्या भिंती असतात, आणि पुट्टी मारून रंग चढला की तिन्ही डोळ्यांना एकसारख्याच दिसतात. फरक कळतो तो पहिल्या पावसाळ्यात सांधे फुटतात तेव्हा, टीव्हीचा ब्रॅकेट खिळखिळा होतो तेव्हा, किंवा पलीकडच्या खोलीतला घोरण्याचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो तेव्हा.

म्हणून दर विचारण्याआधी तो दर कशाचा, हे ठरवून घ्यावं लागतं. पुढचे सगळे आकडे पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात गेल्या एक-दोन वर्षांत सर्रास सांगितल्या जाणाऱ्या दरांच्या आसपासचे, ढोबळ आहेत. कोल्हापूर किंवा नाशकात मजुरी थोडी खाली येईल, दक्षिण मुंबईच्या जुन्या इमारतीत माल चढवण्याचेच पैसे वाढतील. आकडे पाठ करण्यापेक्षा हिशेबाची रीत लक्षात ठेवा, ती सगळीकडे चालते.

भिंतीच्या पोटात

जमिनीला आणि वर स्लॅबला यू आकाराची पत्र्याची पट्टी ठोकतात, तिला फ्लोअर चॅनल आणि सीलिंग चॅनल म्हणतात. त्या दोन पट्ट्यांत दर दोन फुटांवर पत्र्याचे उभे स्टड बसतात. दोन्ही अंगांनी साडेबारा मिलिमीटर जाडीचे जिप्सम बोर्ड स्क्रूनं आवळतात. सांध्यांवर कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड चढतं. ५० मिलिमीटरचे स्टड असले तर भिंत ७५ मिलिमीटरची, म्हणजे तीन इंची होते. वजन चौरस मीटरला जेमतेम पंचवीस किलो. तीच भिंत चार इंची विटेची बांधून दोन्हीकडून गिलावा केला, तर अडीचशे किलोच्या घरात जाते. बांधून झालेल्या इमारतीत, मूळ नकाशात नसलेल्या जागी विटेची नवी भिंत उभी करायला स्ट्रक्चरल इंजिनिअर का कुरकुरतो, ते या दहापट फरकातून कळतं.

अमेरिकेत राहून आलेल्यांना ही भिंत नवी नाही. तिकडच्या घरांत आतल्या भिंती बहुतेक अशाच, लाकडी चौकटीवर बोर्ड चढवलेल्या असतात. आपल्याकडे मात्र पाहुणा येतो, बोटाच्या पेराने टकटक करतो आणि "पोकळ आहे" असा निकाल देऊन मोकळा होतो. पोकळ आहेच. त्या पोकळीतून वायरी जातात, तिथेच काचलोकर भरता येते. पोकळीचा दोष नसतो, दोष असतो तो पोकळीतल्या पत्र्याचा.

बोर्डावर दोन शब्द. जिप्समच्या वजनात सुमारे एक पंचमांश पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन निघतं, आणि ते संपेपर्यंत बोर्ड तापमान अडवून धरतो. प्लायवूडच्या पार्टिशनपेक्षा हा मोठा फायदा, शिवाय आत वाळवीला खायला लाकूड नाही. पण हाच बोर्ड गळत्या पाण्यासमोर काही तासांत मान टाकतो. हिरव्या कागदाचा बोर्ड दमट हवेला टिकतो, त्याला 'वॉटरप्रूफ' म्हणून खपवणाऱ्याकडे संशयानं बघा. शॉवरच्या भिंतीला, गच्चीची गळती थांबलेली नसलेल्या छताला किंवा पावसाचा मारा लागणाऱ्या बाजूला जिप्सम नको. तिथे सिमेंट बोर्ड किंवा साधा ब्लॉक बरा. कोकणपट्टीत आणि मुंबईत समुद्राजवळच्या घरात कोरड्या खोल्यांनाही हिरवा बोर्ड घ्या. फुटाला दहा-पंधरा रुपये जास्त पडतात, ते वाया जात नाहीत.

आता खरी मेख. "ब्रँडेड माल लावतो" या वाक्यातला माल म्हणजे बहुधा फक्त बोर्ड. जिप्रॉक किंवा क्नॉफचा बोर्ड लावला, तुम्ही त्यामागचा शिक्का बघितला, समाधान पावलात. आतला चॅनल मात्र कुठल्या तरी शेडमध्ये वाकवलेला, ०.३५ मिलिमीटरचा. पत्र्याची जाडी ०.५ ते ०.५५ मिलिमीटर हवी, त्यावर जस्ताचा थर चौरस मीटरला १२० ग्रॅमचा हवा. चांगल्या कंपनीच्या चॅनलवर नाव छापलेलं असतं. नाव नसेल तर मोजायला साधं व्हर्निअर पुरतं, आणि तेही नसेल तर स्टड दोन हातांत धरून पिळून बघा. हलका पत्रा दोरीसारखा वळतो, मोजमाप करायचीही गरज उरत नाही. बोर्डावर आयएस २०९५ हा मानक क्रमांक आहे का तेही पाहा.

एका भिंतीचा हिशेब

एक खरीखुरी वाटावी अशी भिंत घेऊ. हॉलचा एक कोपरा तोडून मुलीसाठी अभ्यासाची खोली करायची आहे. भिंत ११ फूट लांब, साडेनऊ फूट उंच, तिच्यात ३ बाय ७ चा दरवाजा. पूर्ण भिंत १०४.५ चौरस फूट, दरवाजाचे २१ वजा केले की उरते ८३.५.

दोन्ही अंगांना मिळून १६७ चौरस फूट बोर्ड लागतो. ४ बाय ६ चा बोर्ड २४ फुटांचा, म्हणजे सात, आणि कटाई-वाया धरून आठ. चांगल्या कंपनीचा बोर्ड ५२० रुपयांना धरला तर ४,१६० रुपये. दर दोन फुटांना एक या हिशेबानं, दोन्ही टोकांचे आणि दरवाजाच्या बाजूचे जादा धरून स्टडच्या नऊ लांब्या, वर-खालच्या चॅनलच्या दोन, एकूण अकरा. लांबी २४० रुपयांना धरली की २,६४० रुपये. स्क्रू, फास्टनर, टेप, कंपाउंड मिळून १,५००. मजुरी फुटाला ४० रुपयांनी ३,३४०. झाले ११,६४०. माल आणणं, वर चढवणं आणि ठेकेदाराचा नफा असे वीस टक्के घाला, बेरीज चौदा हजारांच्या आसपास जाते. भागिले ८३.५, फुटाला १६८ रुपये.

म्हणजे साइट बघून १७० सांगणारा लुटायला आलेला नाही.

मग ९५ वाला काय करतो? बोर्ड स्थानिक, चारशेचा. पत्रा हलका, लांबी दीडशेची. टेप-कंपाउंडऐवजी बऱ्याच ठिकाणी पीओपीनं सांधे भरायचे, त्यामुळे किरकोळ खर्च नऊशेत आटोपतो. मजुरी ३०. नफा पंधरा टक्के. साडेनऊ हजारांत त्याचं काम बसतं. ८३.५ फुटांवर हाही दर ११४ निघतो, ९५ नाही. पण तो माप घेताना दरवाजा वजा करणारच नाही. १०४.५ ला ९५ नं गुणा: ९,९२७ रुपये. त्याचा खर्च निघाला, वर चारशे सुटले, आणि तुम्हाला ७५ रुपये फुटामागे वाचल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात वाचले चार हजार. त्या चार हजारांत पातळ पत्रा आला, पीओपीचे सांधे आले आणि बहुधा दोनऐवजी अडीच फुटांवर बसवलेले स्टडही आले.

कुणाला हे चार हजार वाचवावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. दुकानाच्या मागच्या गोदामाला आडोसा करायचा असेल तर मीही तेच करेन. राहत्या घरात मात्र करणार नाही.

चौकट (दाराची), दार, रंग आणि विजेचं काम वरच्या हिशेबात नाही. आवाज अडवायचा असेल तर आत काचलोकर किंवा रॉकवूल भरायला फुटाला २५ ते ४० जादा, आणि दोन्ही अंगांना बोर्डचा दुसरा थर द्यायचा तर आणखी साठ-सत्तर. बजेट तोकडं असेल तर लोकर भरून निदान एका बाजूला दुसरा थर द्या, त्याचे सांधे पहिल्या थराच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. आणि भिंत थेट स्लॅबपर्यंत न्या. फॉल्स सीलिंग आधी करून त्याच्या खालीच पार्टिशन थांबवायचं, हा वेळ वाचवायचा फार आवडता उपाय आहे. त्यात सगळा आवाज वरच्या पोकळीतून पलीकडे जातो आणि लोकरीचे पैसे पाण्यात जातात. दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवले तरी हाच प्रकार होतो.

टीव्ही, एसीचं आतलं युनिट, पुस्तकांचा रॅक जिथे लागणार, तिथे बोर्ड बंद होण्याआधी आत १८ मिलिमीटरचा प्लायवूडचा तुकडा स्टडना पक्का करून घ्या. खर्च काही शे रुपये. नंतर आठवलं तर भिंत फोडावी लागते. काम चालू असताना आतल्या स्टडचे, प्लायचे, वायरींचे फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. पाच वर्षांनी खिळा ठोकताना हेच फोटो कामी येतात.

सीलिंगचं माप

पार्टिशनपेक्षा जास्त लोक सीलिंगसाठी ठेकेदार बोलावतात, आणि दरापेक्षा मापात जास्त फसतात. साध्या सपाट जिप्सम सीलिंगला ब्रँडेड चॅनल-बोर्डसह फुटाला ९५ ते १३० मागतात. पीओपीची जाळीवरची सीलिंग थोडी स्वस्त पडते, गोलाई आणि नक्षीला ती बरी. पण तिला ओलं काम, वाळायला वेळ आणि घरभर पांढरी धूळ हे सगळं आलं, आणि दुरुस्ती करायची म्हटली तर ठिगळ हमखास दिसतं.

१० बाय १२ ची बेडरूम घ्या. कडेनं फिरणारी दीड फुटी पट्टी, तिच्यातून खाली फेकलेला उजेड, मध्ये मूळ स्लॅब तसाच. खोली १२० चौरस फुटांची. मधला मोकळा भाग ९ बाय ७, म्हणजे ६३. प्रत्यक्ष सीलिंग ५७ चौरस फूट. ११० रुपयांनी ६,२७० होतात. पण ठेकेदार "खोलीचं माप" लावतो, तेव्हा १३,२०० होतात. दोन्ही मापांना धंद्यात कुणी ना कुणी "रीत हीच आहे" म्हणून शपथेवर सांगणारा भेटेल.

त्यात भर पट्टीच्या उभ्या कडेची, म्हणजे ड्रॉपची. मधल्या मोकळ्या भागाची परिमिती ३२ फूट, कड सहा इंच, म्हणजे आणखी १६ चौरस फूट. हे मागणं रास्त आहे, कारण तिथे बोर्ड लागतो आणि हातही जास्त चालतो. कोव्ह, म्हणजे लपवलेल्या दिव्यांची खाच, रनिंग फुटावर वेगळी लावतात, साधारण ८० ते १२०. हेही रास्त. पण एकच उभी कड चौरस फुटातही आणि कोव्हच्या रनिंग फुटातही, अशी दोनदा बिलात आली की हटका. "कोव्ह लावलीत ना, मग ड्रॉप वेगळा कशाचा?" एवढा एक प्रश्न पुरतो, समोरचा हसून खोडतो. न हसता वाद घालायला लागला तर त्याच्या बाकीच्या मापांकडेही पुन्हा बघा.

दिव्यांच्या भोकांचे पैसे नगावर लागतात. पंख्याच्या हुकाचे, एसीच्या पाइपच्या बॉक्सचे वेगळे. हे सगळं कामाआधी एका कागदावर आणा, प्रत्येक ओळीसमोर एकक लिहा: चौरस फूट, रनिंग फूट किंवा नग. छोट्या उघड्या जागा, म्हणजे स्विचबोर्ड किंवा झडपेइतकं काही, वजा करा म्हणून अडून बसू नका. त्यात कापाकापीचं काम वाढतंच. दरवाज्याचं माप मात्र वजा व्हायला हवं. ठेकेदार चौकटीभोवतालच्या जादा स्टडचं कारण देईल. ते खोटं नाही, तेव्हा फार तर निम्मं माप सोडा.

सीलिंगच्या पोटातही पाहायच्या गोष्टी आहेतच. स्लॅबला टांगणी लोखंडी फास्टनरनं हवी. लाकडाची गुट्टी ठोकून खिळ्यावर टांगलेली सीलिंग गुट्टी सुकली की सैल पडते. मुख्य चॅनल चार फुटांवर, त्याखालचे सेक्शन दीड फुटांवर. पंखा कधीही सीलिंगच्या चौकटीला लटकवायचा नाही, त्याचा भार थेट स्लॅबच्या हुकावर हवा आणि रॉड लांब लावायचा. वर शेजाऱ्याचं न्हाणीघर असेल तर त्याखाली उघडता येणारी झडप ठेवून घ्या. आज दोन हजारांना नकोशी वाटते, गळतीच्या दिवशी सबंध छत फोडण्यापासून वाचवते. एसीचा निचऱ्याचा पाइप बोर्ड चढण्याआधी बादलीभर पाणी ओतून तपासा. उतार उलटा असेल तर तो तेव्हाच कळायला हवा.

नव्या बिल्डिंगांत आणखी एक काळजी. ॲल्युमिनिअम फॉर्मवर्कच्या, म्हणजे लोक ज्यांना 'मायवान' म्हणतात त्या इमारतींत बहुतेक भिंतीही काँक्रीटच्या असतात, तिथे चर पाडायला सोसायटी बंदी घालते आणि ते बरोबर आहे. काही इमारतींचे स्लॅब ताणलेल्या पोलादी केबलचे असतात. तिथे किती खोल ड्रिल चालेल हे बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या इंजिनिअरकडून लेखी घेतल्याशिवाय मिस्त्रीला वर चढू देऊ नका. परवानगीपत्र, अनामत रक्कम, कामाच्या वेळा, राडारोडा उचलण्याचे पैसे हे सोसायटीचे खर्च ठेकेदाराच्या अंगावर की तुमच्या, तेही आधीच लिहा.

माणूस कुठे शोधायचा

इंटिरिअर डिझायनरमार्फत काम दिलं तर दरात त्याचा वाटा असतो. देखरेख खरोखर करत असेल तर तो वाटा उचित आहे, नुसता नंबर देत असेल तर नाही. स्वतः शोधायचं तर माझ्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे माल विकणारं दुकान. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केट परिसरात किंवा तुमच्या उपनगरातल्या बोर्ड-प्लायवूडच्या दुकानात जाऊन विचारा, जॉइंटिंग कंपाउंडच्या पिशव्या नेमानं कोण नेतं? बोर्ड सगळेच नेतात. कंपाउंड आणि टेप नेणारा सांध्यांचं काम नीट करतो, असं समजायला हरकत नाही. असे दोन-तीन नंबर घ्या आणि प्रत्येकाचं वर्षापूर्वीचं एक काम बघून या. कालच संपवलेलं काम बघण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळ्यांचीच कामं सुंदर दिसतात. एक पावसाळा गेलेली सीलिंग बघा. खिडकीतून तिरका उजेड पडत असताना बघा, सांधे उठून दिसतात का ते तेव्हाच कळतं.

सांध्यांवरून एक जुना तंटा आहे, तो आधी मिटवा. सीलिंगवाला म्हणतो, टेप-कंपाउंडपर्यंत माझं, पुढे पेंटर बघेल. पेंटर म्हणतो, लेव्हल नाही, दोन हात पुट्टी जास्त लागेल, तिचे पैसे वेगळे. चिरा पडल्या की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. शक्य असेल तर पुट्टी आणि प्रायमरपर्यंतचं काम एकाच माणसाकडे द्या, फुटाला साधारण १८ ते ३० जादा जातील. नाही तर पेंटरनं हात लावण्याआधी दोघांना एकदम बोलावून सांधे दाखवा आणि त्याच वेळी "ठीक आहे" असा व्हॉट्सॲप मेसेज दोघांकडूनही घ्या. बोर्ड जिथे जुन्या गिलाव्याच्या भिंतीला भिडतो तिथे मात्र बारीक चीर येणारच, दोन निराळे पदार्थ सारखे हलत नाहीत. तिथे खाच ठेवणं किंवा लवचिक सीलंट भरणं हा खरा उपाय आहे. "अजिबात चीर येणार नाही" असं वचन देणाऱ्याला ही एवढी गोष्ट ठाऊक नाही.

पैसे टप्प्यानं द्या. माल घरात येऊन पडला, मोजला, शिक्के बघितले की तीस टक्के. चौकट उभी झाली, बोर्ड चढायच्या आधी तुम्ही ती पाहिली, स्टडचं अंतर मोजलं की आणखी तीस. बोर्ड आणि सांधे पूर्ण झाल्यावर तीस. शेवटचे दहा टक्के रंगानंतर महिनाभरानं. यातला दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बोर्ड चढला की आतलं सगळं कायमचं झाकलं जातं. दोन्ही बाजूंनी बोर्ड एकाच दिवशी चढवायची घाई करणाऱ्याला सांगा की एक बाजू उघडी ठेव, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बघतो. छोट्या मिस्त्रीला माल आणायला हातात पैसे लागतात, ते मान्य. मग उचल त्याला देण्याऐवजी दुकानदाराला थेट भरा, बिल तुमच्या नावावर येईल.

बिलावरून आठवलं. "बिल हवं तर अठरा टक्के वर" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. माल-मजुरीच्या अशा ठेक्यावर जीएसटी १८ टक्के आहे हे खरं. पण सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताच येत नाही. तेव्हा जो १८ टक्के मागतो त्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक हवा, तो पोर्टलवर तपासता येतो. नोंदणी नसलेल्या मिस्त्रीकडूनही साधी सही केलेली पावती मिळायला काही अडचण नसते.

वेळेचं सांगायचं तर भर पावसात कंपाउंड वाळत नाही, एका थराला एक दिवस पुरायचा तिथे दोन-तीन लागतात, आणि घाई केली की चिरा आल्याच. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच घर नवं हवं असतं, आणि या धंद्यातले पुष्कळ कारागीर छटपूजेला आणि होळीला गावी जातात. अर्धवट सीलिंगखाली लक्ष्मीपूजन करायचं नसेल तर नवरात्राच्या आधी काम उरकलेलं बरं. जानेवारी ते मे हा निवांत काळ, घासाघीसही तेव्हाच चालते.

दुरुस्ती एवढी महाग का?

वीतभर भोक बुजवायला दोन हजार मागितले की माणूस चिडतो. पण त्या भोकाला मिस्त्री निदान दोनदा येतो. भोक चौकोनी कापायचं, मागे पत्र्याची किंवा प्लायची पट्टी बसवायची, बोर्डचा तुकडा आवळायचा, टेप, कंपाउंडचा पहिला हात. तो वाळल्यावर दुसरा हात, घासणं, पुट्टी. माल शंभर-दोनशेचा, बाकी सगळी त्याची दोन दिवसांची खोटी. फुटकळ दुरुस्तीला १,५०० ते ३,००० ही कमीत कमी रक्कम धरून चाला, रंग वेगळा. घरातल्या चार-पाच बारीक तक्रारी साठवून एकदम काढल्या तर त्याच पैशांत सगळ्या होतात. नखभर भोकं आणि केसासारख्या चिरा मात्र स्वतः बुजवता येतात, त्याला तयार पुट्टी आणि पात्याचा पत्रा पुरतो.

सांध्यावर लांबच लांब सरळ चीर असेल तर नुसती पुट्टी भरून घेऊ नका, ती सहा महिन्यांत परत उघडते. जुना भराव खरवडून, टेप लावून नव्यानं सांधा करायला सांगा. एकाच खोलीत तीन-चार सांधे एकदम उघडले असतील तर दोष वर चौकटीत आहे. आधी झडपेतून किंवा दिव्याच्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा आत घालून टांगण्या बघा, मग दर विचारा.

पिवळा डाग पडला की लोक पेंटरला बोलावतात. बोलवायचा प्लंबर. पाणी कुठून येतं ते बंद झाल्याशिवाय छताला हात लावण्यात पैसा घालू नये. फुगलेला, बोटानं दाबला जाणारा बोर्ड वाळून पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तो तेवढा कापून नवा घालावा लागतो, आणि चौकटीला गंज दिसला तर तो सेक्शनही बदलावा लागतो. डाग फक्त कागदापुरता असेल, बोर्ड कडक असेल, तर वाळल्यावर डाग अडवणारा प्रायमर मारून भागतं. खर्च कुणी द्यायचा यावर आपल्या सोसायट्यांत वर्षानुवर्षं भांडणं चालतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेनं दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून येणारी गळती तिथल्या सभासदाच्या गळ्यात पडते. तक्रार सचिवांकडे लेखी द्या, सोबत झडपेतून काढलेला फोटो जोडा.

आणि ठेकेदारानंच काम बिघडवलं, फोन उचलणं बंद केलं तर? एकटा मिस्त्री असो की कंपनी, पैसे घेऊन सेवा दिली की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातात, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. तिथे मागतात ते कागद म्हणजे ठरलेला दर आणि मालाचं वर्णन असलेलं दरपत्रक, यूपीआयची किंवा बँकेची नोंद, कामाचे तारखेसह फोटो आणि तुम्ही दुरुस्तीची मागणी केल्याचा लेखी मेसेज. दरपत्रक ठेकेदार देत नसेल तर तुम्हीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: बोर्ड कोणता आणि किती थर, चॅनल कुठला आणि किती जाडीचा, स्टड किती अंतरावर, सांध्याला काय, माप कसं, रक्कम किती. खाली त्याचा नुसता होकार आला तरी चालतो. हा मेसेज जाताच काही जणांचा दर वाढतो. त्यांना तो का वाढवावासा वाटला, ते बोर्ड चढायच्या आधीच विचारून घ्या.